सातवी टिंग

३ फेब्रुवारी, शनिवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं आहे. तोंडी बोलण्याला हल्ली कुणी भीक घालत नाही, आणि उद्या प्रकरण चिघळलं तर तारीखवार पुरावा हवा. वही दोऱ्याच्या कंपनीने दिलेली आहे, दुकानात धूळ खात पडली होती.

प्रकरण आमच्या मंडळाचं आहे. 'हस्तक' या हेरपटांचे आठ भाग, आणि त्यांच्यावर जीव टाकणारे आम्ही लोक. पंचवीस वर्षं दर शनिवारी चार वाजता माझ्या शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत जमतो. एखादा भाग लावायचा आणि मग भांडायचं. अध्यक्ष मी.

मंडळ उभं राहिलं तेच मुळी माझ्या एका शोधावर. तिसऱ्या भागात हस्तकाच्या खात्यात एक फितूर असतो. तो कोण, हे पुलावरच्या भेटीपर्यंत कुणाला कळत नाही. मला मात्र तरुणपणी थिएटरात बसल्या बसल्या कळलं होतं. फितूर खोटं बोलला की सगळ्या वाद्यांच्या मागे कुठेतरी ट्रँगल वाजतो, ती तीन कोनांची सळी असते ना, छोट्या कांडीने वाजवतात ती. एकदाच वाजतो. टिंग. अख्ख्या भागात सात वेळा. शेवटची टिंग पुलावर, अगदी हलकी, वाऱ्याच्या आवाजाखाली. त्यावरून मंडळात रिवाजच पडला. टिंग वाजली की कुणी बोलायचं नाही, नुसतं एक बोट वर करायचं.

फक्त डॉक्टर बोट वर करत नाही. डॉक्टर म्हणजे दातांचा डॉक्टर, शाळेपासूनचा माझा मित्र आणि मंडळातला कायमचा विरोधी पक्ष. त्याचं म्हणणं, संगीत हा भिंतीवरचा रंग, घर बांधलं ते थोरल्याने. थोरला म्हणजे पहिल्या तीन भागांचा दिग्दर्शक. फितूर खोटं बोलण्याआधी डावा हातमोजा काढतो, ते दिसत असताना टिंग कशाला हवी, असं तो पंचवीस वर्षं विचारतो आहे.

आज त्याने तिसऱ्या भागाची नवीकोरी डिस्क आणली. आवाज धुऊन-पुसून स्वच्छ केलेली म्हणे. लावली. पहिली टिंग ऐकली. चौथी ऐकली, तीही कशीबशी. बाकीच्या गायब. सातवी तर मुळीच नाही.

मी म्हटलं, "यातून ट्रँगल काढून टाकलाय कुणीतरी."

डॉक्टर म्हणाला, "अरे, एकदा कान तपासून घे."

वादात हरायला लागला की माणूस अंगावर येतो, तशातली गत. मंडळातले बाकीचे दोघे, ग्रंथपाल बाई आणि मास्तर, एकमेकांकडे बघत राहिले. माझ्या बाजूने एक शब्द नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार

माळ्यावरून जुनी कॅसेट काढली. तिसरा भाग, माझी स्वतःची, बावीस वर्षांपूर्वीची. दुकान बंद ठेवून दोनदा ऐकली.

तिच्यातही सातवी नाही.

डोकं चालेना. मग आठवलं. डिसेंबरात डॉक्टरने हीच कॅसेट दहा दिवस नेली होती. "बघून देतो," म्हणाला होता. आता कळलं काय बघत होता ते.

७ फेब्रुवारी, बुधवार

कोपऱ्यावरच्या टेलरबाई परवा दुरुस्त करून दिलेलं मशीन परत घेऊन आल्या. म्हणाल्या, "अजून चिरचिर करतंय." मी समोर चालवून दाखवलं. लोण्यासारखं चालत होतं. "कुठे करतंय?" तर त्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय." या महिन्यात अशा या तिसऱ्या. दुरुस्ती एकदा करून घ्यायची आणि दुसरी फुकटात उकळायची, अशी नवी टूम निघालेली दिसते.

घरी हिने विचारलं, साखर घातलेला चहा प्यायलात का दुकानात. मी नाही म्हटलं. हिने बोट वर केलं. ही त्या सिनेमांना "कोटवाल्याचे चाळे" म्हणते, एकही भाग धड बघितलेला नाही, पण मंडळाचा रिवाज तेवढा घरात बरोबर वापरते. मी थाप मारली की हिचं बोट वर. इतक्या वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज पाचवा भाग. दिग्दर्शक घाईवाला. हे नाव मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर भूमिती शिकवतात आणि हातात घड्याळ धरून सिनेमा बघतात. घाईवाल्याचं एक दृश्य सरासरी तीन सेकंद टिकतं आणि थोरल्याचं अकरा, हे त्यांनी मोजलेलं आहे. संगीत बटणवाल्याचं, म्हणजे यंत्रातून काढलेलं. तिसऱ्या भागाला संगीत देणाऱ्या म्हाताऱ्याची सर त्याला नाही, यावर निदान आमचं एकमत आहे. निदान होतं. आज डॉक्टर मधेच म्हणाला, "बटणवाल्याचा खालचा ठोका मला आवडतो. पोटात लागतो. तुला ऐकू येतो ना तो?"

"मला सगळं ऐकू येतं," मी म्हटलं.

ग्रंथपाल बाईंनी आठव्या भागाचा विषय काढला. तो एका बाईने केलाय, त्यात अकरा मिनिटांचा पाठलाग आहे आणि संगीत शून्य. पूर्वी मी त्याला नावं ठेवायचो. हल्ली आवडायला लागलाय, का कोण जाणे. तसं बोलूनही दाखवलं.  मग डॉक्टर बाईंना काहीतरी पुटपुटला आणि बाईंनी मान हलवली.

हे पुटपुटणं मी पंधरा दिवस बघतो आहे. माझी पाठ वळली की सुरू होतं. मी पहिल्या रांगेत अध्यक्षाच्या खुर्चीत बसतो, ते मागे, त्यामुळे त्यांना मोकळं रान. समोर आले तरी शब्द अर्धे गिळतात. फोनवर लेकसुद्धा अलीकडे तोंडात सुपारी धरल्यासारखी बोलते. तिला काही म्हटलं तर म्हणते, "आईकडे द्या."

दोन मार्चला वर्धापन आहे. पंचवीस वर्षं पूर्ण, बाहेरची पन्नासेक माणसं येणार. तिसरा भाग लावायचा, आधी मी टिंगवर भाषण करायचं, असं ठरलं आहे. माझा संशय असा की त्या दिवशी सातवी टिंग वाजू नये आणि पन्नास लोकांसमोर माझं हसं व्हावं, याची तयारी चालली आहे. दिग्दर्शक जिंकला, म्हातारा हरला, म्हणजे मी हरलो.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

 आज दुपारी मशीनचा पट्टा पोचवायला गेलो होतो. डॉक्टरच्या क्लिनिकच्या इमारतीतून ही बाहेर पडली. बरोबर डॉक्टर. दोघं पायरीवर उभं राहून बोलत होते, आणि डॉक्टरने हिच्या हातात एक चिठ्ठी दिली. हिचे दात माझ्याहून धड आहेत.

घरी आल्यावर सहज विचारलं, "कुठे गेली होतीस?"

"कुठे नाही. बटणं आणायला."

मी बोट वर केलं. एरवी हसली असती. आज स्वयंपाकघरात निघून गेली. कपाटात तिच्या पर्समध्ये चिठ्ठी आहे. मी बघितली नाही. बघणार होतो, पण हात पुढे गेला नाही. हीसुद्धा त्यांच्यात सामील असेल तर मला ते कागदावर वाचायचं नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज नवलच. डॉक्टर दुसरी डिस्क घेऊन आला. म्हणाला, "तुझं बरोबर होतं. ती प्रत सदोष होती. ही ऐक." शाळेपासून ओळखतो मी याला. "तुझं बरोबर होतं" हे शब्द याच्या तोंडून कधी निघालेले नाहीत.

लावली. एक, दोन, तीन, साती टिंगा वाजल्या, खणखणीत. सातवी तर अशी की वारा बाजूला सरला. मी बोट वर केलं, छाती भरून आली. मागे वळून डॉक्टरकडे बघितलं, तो पडद्याकडे न बघता माझ्याकडेच बघत होता. मी वळताच त्याने नजर काढून घेतली.

म्हणाला, "वर्धापनाला हीच लावू."

चहा पिताना सगळे नको तितके खूश होते. मला तेव्हाच जाणवलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

१८ फेब्रुवारी, रविवार

सापडलं. आंघोळ करताना सापडलं.

तो ट्रँगल नाही. ट्रँगलचा आवाज वर जातो आणि बारीक होत हवेत विरतो. हा आवाज खालच्या पट्टीतला आहे, आणि शेवटी किंचित थरथरतो. हा मी ऐकलेला आहे, आ वासून, दिव्याकडे बघत, एकदा नव्हे दहा वेळा. डॉक्टर अवजार खाली ठेवतो तेव्हा त्याचा स्टीलचा ट्रे असा वाजतो.

म्हणजे याने ट्रे वाजवून भरलाय! म्हाताऱ्याच्या संगीतात स्वतःचा ट्रे! आधी खऱ्या टिंगा काढल्या, मग खोट्या घातल्या. वर्धापनाला मी भाषण ठोकणार, सगळ्यांची बोटं वर करायला लावणार, आणि मग हा उठून सांगणार की अध्यक्षांना ट्रँगल आणि ट्रे यातला फरक कळत नाही. डाव पूर्ण लक्षात आला. पंचवीस वर्षं हरतोय, म्हणून असा सूड.

पण माझा कान जोखायला तो चुकला. ट्रे तो ट्रे, मी ओळखलाच ना.

२१ फेब्रुवारी, बुधवार

आरोप लिहून काढले. एकूण चार. शेवटचा ठराव, डॉक्टरचं सदस्यत्व रद्द.

शाळेत मला गणितात शून्य मिळालं तेव्हा याने स्वतःच्या पेपरावरचे मार्क खोडून घरी शून्य दाखवलं होतं, एकट्याला मार पडू नये म्हणून. हे आरोपपत्रात बसत नाही. तरी पेन थांबलं तेव्हा तेच आठवत होतं.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

चारला सगळे आले. मी उभं राहून आरोपपत्र वाचलं. मास्तरांनी दोनदा "अध्यक्ष, जरा ऐका" म्हटलं, मी हात दाखवून गप्प केलं. शेवटी डॉक्टरला विचारलं, "हा ट्रेचा आवाज तू भरलास की नाही?"

"भरला," डॉक्टर म्हणाला. सरळ, मोठ्याने, माझ्याकडे तोंड करून.

"कशासाठी?"

 दाराशी ही चहाचा ट्रे घेऊन उभी होती, तिच्याकडे त्याने एकदा बघितलं, आणि मान नकारार्थी हलवली. तिला गप्प राहा म्हणत होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, चहा नको म्हणतोय.

"ठराव मंजूर धर," तो म्हणाला. खिशातून खोलीची किल्ली काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलेली किल्ली. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. 

मग मीच म्हटलं, "आता मूळ डिस्क लावतो. पहिली आणलेली. तुम्हीच खात्री करा की याने टिंगा काढल्यात." पुलाचा प्रसंग लावला. आवाज पूर्ण वाढवला. हस्तक येतो, धुकं, फितूर डावा हातमोजा काढतो. फितूर म्हणतो, "मी कायम तुझ्याच बाजूचा होतो." वारा वाहतो. बस.

"बघा," मी म्हटलं, "आहे का काही?" आणि मागे वळलो.

मी कधी त्या क्षणी मागे वळत नाही. पहिल्या रांगेतला माणूस पडद्याकडे बघतो.

ग्रंथपाल बाईंचं बोट वर होतं. मास्तरांचं बोट वर होतं. दाराशी ही, ट्रे एका हाताने कमरेला टेकवून धरलेला, आणि दुसऱ्या हाताचं एक बोट वर.

मी परत लावलं. या वेळी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्याकडे बघत राहिलो. हातमोजा, वाक्य, आणि तिन्ही बोटं एकदम वर. कुणी कुणाकडे बघून केलेलं नव्हतं. बाईंचे तर डोळे मिटलेले होते, आणि गाल ओले.

तिसऱ्यांदा लावणार होतो. हिने येऊन बटण बंद केलं. माझ्या समोर उभी राहून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "अहो, आहे ती. वाजते. पहिल्यापासून वाजते."

२५ फेब्रुवारी, रविवार

काही लिहायचं नाही.

संध्याकाळी पर्समधली चिठ्ठी हिने स्वतःच समोर ठेवली. डॉक्टरच्या क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर कानांच्या डॉक्टरीणबाई बसतात, त्यांची वेळ होती. दोनदा घेतलेली आणि दोनदा रद्द केलेली. "तुम्हाला सांगायचं कसं, हेच ठरत नव्हतं," ही म्हणाली. "तुम्ही कानावरच तर जगता."

२७ फेब्रुवारी, मंगळवार

टेलरबाईंचं मशीन मागवून घेतलं. या वेळी कान लावला नाही, तळहात टेकवला. थरथर लगेच लागली, खालच्या दांड्याजवळ. तेल तिथवर पोचलंच नव्हतं. बाईंना म्हटलं, चूक माझी. त्या एवढ्या चकित झाल्या की आभार मानायचं विसरल्या.

मग डॉक्टरकडे गेलो. त्याचा पेशंट खुर्चीत आ वासून होता, मी बाहेर बाकावर बसलो. आतून ट्रेचा आवाज आला. तो बरोबर ऐकू येतो, खालच्या पट्टीतला आहे ना.

पेशंट गेल्यावर मी आत जाऊन किल्ली त्याच्या हातात ठेवली. माफीचं वाक्य घरून ठरवून नेलं होतं, ते गेलं कुठल्या कुठे. विचारलं, "किती वेळ लागला रे भरायला?"

"दोन रविवार. आधी पेला वाजवून बघितला. तो तुला लागेल की नाही, खात्री नव्हती. वरच्या बाई म्हणाल्या, बारीक, वरचे आवाज आधी जातात. मग ट्रे."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की. कान तपासून घे म्हटलं. तू ठराव आणलास." मग अवजारं पुसत म्हणाला, "पन्नास लोकांसमोर तू म्हणाला असतास, सातवी नाहीच. त्यांची बोटं वर, आणि तुझं खाली. ते मला बघवलं नसतं. त्यापेक्षा ट्रे बरा."

ज्याने पंचवीस वर्षं म्हाताऱ्याच्या संगीताला भिंतीवरचा रंग म्हटलं, तो दोन रविवार कॉम्प्युटरसमोर बसून ट्रेवर टिंगा मारत होता, सेकंदाचा हिशेब जुळेपर्यंत. मला रडू आलं. त्याने नेहमीच्या सवयीने मला चूळ भरायचा पेला दिला.

मग त्यानेच वरच्या मजल्यावर नेलं. बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. पुष्कळ वेळ मी नुसताच बसून होतो. काचेपलीकडे डॉक्टरीणबाई काहीतरी लिहीत होत्या आणि मी त्यांच्या पेनावरून अंदाज घेत होतो. गेलेलं परत येणार नाही, पण यंत्राने पुष्कळ भागेल, असं त्या म्हणाल्या. यंत्र तीन आठवड्यांनी मिळेल. त्यात टिंग येईल का, मी विचारलं. येईल, पण ती जुनी वाटेल असं नाही, म्हणाल्या. बाई खरं बोलतात. त्यांच्यावर संशय घेण्यासारखं काही सापडलं नाही.

२ मार्च, शनिवार

वर्धापन झालं. पन्नास नव्हे, त्रेसष्ट माणसं आली. शेजारच्या शाळेचं सभागृह घ्यावं लागलं.

भाषणात मी दोनच गोष्टी सांगितल्या. टिंग सात वेळा वाजते. आणि त्यातल्या पाच मला आता ऐकू येत नाहीत, तेव्हा तुम्ही बोटं नीट वर करा. मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी टाळी वाजवली. ती दिसली.

डिस्क मूळचीच लावली, ट्रेवाली नाही. पहिल्या रांगेत बसलो नाही. शेवटच्या रांगेत गेलो, तिथून सगळी बोटं दिसतात. शेजारची खुर्ची रिकामी ठेवली होती, रुमाल टाकून. डॉक्टर अंधार झाल्यावर आला, रुमाल उचलून माझ्या मांडीवर टाकला आणि बसला.

पहिल्या टिंगेला माझ्या मनगटावर एक हलकी टिचकी बसली. दचकून बघितलं. तो मख्खपणे पडद्याकडे बघत होता. दुसरी. तिसरी. साठ बोटं पुढे वर होत होती आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, टिचकी. म्हणजे लेकाला पंचवीस वर्षं प्रत्येक टिंग पाठ होती. नुसता हट्टाने बोट वर करत नव्हता.

पुलावर धुकं आलं. फितुराने हातमोजा काढला. "मी कायम तुझ्याच बाजूचा होतो." सातवी टिचकी तेवढीच हलकी होती, जेवढी ती टिंग होती.

दिवे लागल्यावर माणसं भांडायला उठली. थोरला की बाई, म्हातारा की बटणवाला, मास्तरांनी घड्याळ काढलं. मी आणि डॉक्टर बसून होतो. मग तो माझ्या समोर तोंड आणून म्हणाला, "आठवडाभर किल्ली ठेवून घेतलीस. माझ्यावाचून करमलं?"

"तीनच दिवस होती," मी म्हटलं. "आणि मला काय धाड भरली होती? मजेत होतो. आठवणसुद्धा आली नाही तुझी."

त्याने माझं मनगट हातात घेतलं आणि शांतपणे आठवी टिचकी मारली.